मिस्त्रींचा पहिला ‘उद्या’

सुताराला ‘कधी देणार?’ असं विचारलं की ‘उद्या’ असं उत्तर येतं, आणि तो उद्या कुठल्याही कॅलेंडरात सापडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमचे मिस्त्री या बाबतीत धंद्याचं नाव घालवणारे. मंगळवारी देतो म्हणाले की मंगळवारी खुर्ची दारात. गिऱ्हाईक हबकायचं. इतक्या वेळेवर आली म्हणजे काहीतरी राहिलं असणार, म्हणून ती उलटीपालटी करून बघायचं.

एकच खुर्ची त्यांच्याकडे पडून होती. थोरल्या भावाची, हात निखळलेली. मिस्त्रींनी ती सांधली, पॉलिश केली. पण दादा न्यायला यायच्या आधीच आमच्या चर्चच्या मंडळीत भांडण झालं.

भांडणाचं कारण एवढंच, की गीतं टाळ्या वाजवून म्हणायची की हात जोडून. दादा टाळ्यांच्या बाजूचे. प्रभूने दोन हात दिलेत ते काही एकमेकांना न भेटण्यासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं. समोर मास्तरीणबाई. नोकरीतून निवृत्त झाल्या तरी अख्ख्या मंडळीला वर्ग समजणाऱ्या. ‘देव बहिरा नाही,’ एवढं बोलून त्या चष्म्यावरून बघायच्या. पाळकसाहेबांनी दोघांना समजावलं, मग प्रार्थना केली, मग बदली मागून घेतली.

शेवटी प्रार्थनामंदिराच्या मधोमध, बाकांमधल्या वाटेवरच, फळ्यांची भिंत घालायचं ठरलं. काम मिस्त्रींना द्यायचं. दोन्ही बाजूंचं एकमत झालं असं हे शेवटचंच.

‘नाही म्हणायचं होतंत,’ मी त्यांना एकदा म्हटलं.

‘मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने खिळे ठोकले असते,’ ते म्हणाले. ‘मी स्क्रू लावलेत.’

दर शनिवारी ते तेलाची बुधली घेऊन जायचे. एकेक स्क्रू थोडा सैल करून, तेल सोडून पुन्हा आवळायचे. काय हा भिंतीवर जीव, असं मास्तरीणबाईंना वाटे. दादांनाही नेमकं तेच वाटे. म्हणजे एकमत झालं होतं, फक्त कुणाला पत्ता नव्हता.

भिंत मागच्या दारापाशी हातभर अलीकडे संपायची. रविवारी त्या फटीत मिस्त्री स्टूल टाकून बसत. एका कानात टाळ्या, दुसऱ्या कानात जोडलेले हात. दोन गीतं, दोन उपदेश. ‘एकमेकांवर प्रीती करा’ हे वाक्य मात्र दोन्हीकडून सारख्याच तावातावाने. प्रभुभोजनाची भाकर दोन्हीकडून त्यांच्यापर्यंत यायची, आणि दोन्हींना ते मान हलवून परत पाठवायचे.

दादा एकदा भडकले. ‘अरे, भाकर प्रभूची आहे, माझ्या घरची नाही!’

‘म्हणूनच, दादा. प्रभूची आहे तर एकच असेल ना? तुम्ही सगळे एका मेजाशी बसा. मी तुझ्या शेजारी बसून घेतो.’

‘मग बस उपाशी!’

दादांनी बोलणंच सोडलं. टाळीवाल्यांना मिस्त्री शांतवाल्यांचे वाटत, शांतवाल्यांना टाळीवाल्यांचे. त्यामुळे चहाला कुणीच बोलवेना. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मिस्त्री दादांच्या खुर्चीसमोर एकटे जेवत. जेवणाआधीच्या प्रार्थनेत दोन्ही बाजूंची नावं घेत, एक इकडचं, एक तिकडचं. वर तरी कुरबूर नको.

मग दादा गेले. दुपारी बसल्याजागी. पेटी मिस्त्रींनीच बनवली. सांगितलेल्या वेळेला दिली.

पेटी मंदिराच्या दारात आली आणि अडली. भिंतीने वाट अर्धी केलेली. पेटी आणि दोन्ही बाजूंचे खांदेकरी त्यात मावेनात. भिंतीचं माप मिस्त्रींनी घेतलं होतं आणि पेटीचंही. पण ही दोन मापं कधी एकमेकांना भेटतील, हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, ‘जरा तिरकी करून नेऊ या.’

‘दादा जन्मात कधी तिरका चालला नाही,’ मिस्त्री म्हणाले. त्यांनी पेटी बाकावर टेकवायला सांगितली आणि खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

तेल प्यालेले स्क्रू चटाचट निघाले. पहिली फळी सुटली तेव्हा पलीकडे मास्तरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी दुसरं टोक धरलं.

‘नीट धरा, जड आहे.’

‘मला शिकवू नका,’ त्या म्हणाल्या. डोळे लाल होते.

दादांचं आवडतं गीत सगळ्यांनी मिळून म्हटलं. मयताला टाळ्या कशा वाजवायच्या, म्हणून टाळीवाले हात जोडून उभे. बाकाच्या कडेवर बोटांनी ठेका कोण धरतंय म्हणून मी पाहिलं. मास्तरीणबाई होत्या.

पुढच्या रविवारी दोन्हीकडून विचारणा झाली. ‘मिस्त्री, फळ्या कधी लावताय?’

‘उद्या,’ मिस्त्री म्हणाले.

त्याच्या पुढच्या रविवारीही ‘उद्या’च.

‘तुम्हीही इतर सुतारांसारखेच निघालात,’ मास्तरीणबाई म्हणाल्या. पण दुसरा सुतार त्यांनी बोलावला नाही. टाळीवाल्यांनीही नाही.

प्रभुभोजन एका मेजाशी झालं. मिस्त्री पुढच्या बाकावर, शेजारी एका माणसाची जागा सोडून. मास्तरीणबाईंनी ताट पुढे केलं. त्यांनी भाकर घेतली, शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि तो एवढासा तुकडा किती तरी वेळ चावत राहिले.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा वहिनींचा निरोप नुकताच आला होता. दादांची खुर्ची तयार असेल तर पाठवून द्या.

मिस्त्रींनी खांद्यावरच्या फडक्याने खुर्चीचा हात पुसला. धूळ नव्हतीच.

‘उद्या,’ ते म्हणाले, आणि समोर जेवायला बसले.