अकरा ते सहा

गुरम्मा निलंग्याकडच्या एका शाळेत बावीस वर्षं खिचडी शिजवते. किती पोरं आली हे हजेरीपत्रकाआधी तिच्या पातेल्याला कळतं. पातेलं आजवर चुकलेलं नाही. हजेरीपत्रकाबद्दल तसं लिहून देता येणार नाही.

सोळा सप्टेंबरला मात्र तिचा भात खाली लागला, कारण ती मैदानाकडं बघत राहिली. उद्या मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन, पाहुण्यांसमोर मुलींचं लेझीम. मुली एक्याण्णव. देविदास सरांनी दोनानं, तीनानं, पाचानं भागून बघितलं आणि एक्याण्णवाला भागच जात नाही, असं गणित शिकवणाऱ्या माणसाच्या ठामपणानं जाहीर केलं. मग दहा-दहाच्या नऊ रांगा ठरल्या आणि एक मुलगी बाहेर. सगळ्यात बुटकी, करिश्मा. गुरम्माची नात.

करिश्मा लेझीम छातीशी धरून पायरीवर बसली. रडली असती तर गुरम्माला जरा बरं वाटलं असतं.

बोलायची पंचाईत होती. नातीसाठी बोलली म्हणतील. वर मानधनावरच्या बाईनं सरांचा भागाकार तपासायचा म्हणजे झालंच. तरी पदराला हात पुसत ती गेली.

"सर, तेरा साती एक्याण्णव हाय की."

सरांनी ओठातल्या ओठात पाढा म्हणून बघितला आणि मान खाली घातली. पण झेंड्याच्या खांबापासून हातपंपापर्यंत, हात पसरून, अकराच मुली मावत होत्या. आडव्या लावा की उभ्या, तेरा बसेनात.

"आता काय करू मावशी?" सर वैतागले. "सकाळी आठला पाहुणे येणारेत."

गुरम्मा अकरावर अडकली. दिवाळीला ती अंगणात रांगोळीचे अकरा ते सहा ठिपके घालायची. मधली ओळ अकराची, मग वर आणि खाली दहा, नऊ, आठ, सात, सहा. ओळीही अकराच. पन्नास वर्षं घातले, पण एकूण किती होतात हे मोजायची वेळ आली नव्हती. ती बोटांवर मोजू लागली. वरचे चाळीस. खालचे चाळीस. मधले अकरा. पुन्हा मोजलं. बरोबर येत होतं, त्याचीच भीती वाटत होती. तरी रांगोळीसारख्या मुली लावू, असं तिनं सरांना सांगितलं.

"चुकलं तर?" सरांनी विचारलं.

"तर करिश्माला घेऊन घरी जाते."

मैदान आखायची फक्की घेऊन ती वाकली. ठिपके पडत गेले तशा मुली एकेक करून उभ्या राहिल्या. नातीला तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं, कुणी बोलायला नको म्हणून. सर मोठ्यानं मोजत होते. अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद. गुरम्मानं कडा बघितल्या. भरलेल्या. सहाही कोपरे भरलेले. करिश्मा उभीच. गुरम्मा कडेवरून ओळी-ओळीनं आत बघत गेली. पाहुण्यांना दिसावं म्हणून कडेला धक्काबुक्की करणाऱ्या पोरींनी एकच ठिपका सोडला होता. ऐन मधला. तिथं कुणाला जायचंच नव्हतं.

सरांनाही तो आत्ताच दिसला. त्यांनी आधी गुरम्माकडं बघितलं, मग करिश्माकडं.

"जा गं," ते म्हणाले. "सगळ्यांनी तुझ्याकडं बघून ताल धरायचाय."

करपलेला भात त्या दुपारी सर निमूटपणे जेवले. वर थोडा मागूनही घेतला.