पहिल्या नगाला सांगितलेलं काम

नव्या ऑर्डरचा पहिला नग लेथवरून उतरला की आमचे जुने कारागीर आबा तो बाहीला पुसायचे, कपाळाला लावायचे आणि विचारायचे, "हाई कसाले लागस, भाऊ?" उत्तर मिळालं की नगालाच त्याचं काम सांगायचे. डेअरीचा असेल तर, "जाय, दूध चांगलं राख." हसू नका. जळगावच्या एमआयडीसीत आम्हीही आधी हसलो होतो. पण आबांच्या हातचा नग कधी परत आला नाही, तेव्हा आमची तोंडं आपोआप बंद झाली.

मी ऑफिसात परदेशी मालाचे कागद बघायचो. आबा एरंडोलहून एसटीने यायचे. डब्यात माझ्यासाठी कळण्याची एक भाकरी जास्तीची असायची. "ऑफिसवालास्ना पोटमां नुसता कागद जातस," म्हणायचे.

एकदा युरोपातल्या एका कंपनीची पोलादी बुशची, म्हणजे आत दांडा फिरतो त्या नळकांड्यांची, ऑर्डर आली. माल शेवटी कशात बसणार, ते सोबतच्या दाखल्यावर स्पष्ट लिहिलं होतं: तोफेत. आबांनी नेहमीसारखं विचारलं. खरं सांगितलं तर ते हात लावणार नाहीत, ही मला धास्ती. आणि इतकं बारीक माप दुसऱ्या कुणाला साधत नव्हतं. मी म्हटलं, "पाण्याच्या पंपाचं आहे, आबा."

म्हातारा खुलला. बुशला म्हणाला, "जाय, लोकस्ले पानी पाज."

चार वर्षं माल जात राहिला आणि मी गप्प राहिलो.

मग तिकडे घोळ झाला. ती तोफ दोन देशांच्या कंपन्या मिळून बनवत होत्या. एकीला ती तिसऱ्या देशाला विकायची होती, दुसरीच्या देशाचं सरकार परवानगी देईना. माल अडकला, सगळे कागद नव्याने मागवले गेले. त्यांवर नग तपासणाऱ्याची, म्हणजे आबांचीच, सही हवी होती, तीही त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवून. वाचणारा मीच. तोफ हा शब्द आला, तोही मला वाचावाच लागला.

आबांनी हात पुसले. "तू तं पानी सांगं व्हतं," एवढंच म्हणाले. सही केली, कारण नाही म्हटलं असतं तर बारा जणांचं काम थांबलं असतं. दारात थांबून विचारलं, "ती तोफ कोनावर चालनी व्हई रे?"

मला काय माहीत? दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत. माफी मागायला मी दोनदा एरंडोलच्या स्टँडवर उतरलो आणि दोन्ही वेळा तिथूनच परत फिरलो. इतका भित्रा मी.

गेल्या पौषात आबा वारले. तेव्हा कुठे त्यांच्या दारावर दुखवट्याला बसायला गेलो. अक्कांनी, त्यांच्या बायकोनं, मला जवळ बोलावलं.

"ऑफिसवाला भाऊ तूच ना? ह्या सांगेत, आपला हातनी वस्तू परदेशमां लोकस्ले पानी पाजस. जाता लगून तेच सांगेत."

खरं कळल्यावरही आबांनी ते शेवटपर्यंत घरी सांगितलं नव्हतं.

"आते पानी चालू शे ना रे?" अक्कांनी विचारलं.

"चालू आहे, अक्का," मी म्हणालो.