जयभीम घालून मागितलेला ओटीपी

"जयभीम म्हनते अन् पानी पेत नाही?"

किन्हीराजाच्या वस्तीत कांताबाईनं मला हे विचारलं, तेव्हा माझा हात बॅगेच्या चेनवर होता आणि तिच्या हातात तांब्या. घासून लख्ख केलेला, वर पेला पालथा. दारात मी जयभीम घातला होता, म्हणून तिनं दार पूर्ण उघडलं होतं. खाटेवर वाळत घातलेली डाळ एका बाजूला सारून मला बसायला जागा केली होती. आणि मी म्हटलं होतं, "नको, मी बाहेरचं पाणी पीत नाही."

बाहेरचं! आपल्याच माणसाच्या घरात, त्याच्याच खाटेवर बसून.

"तसं नाही मावशी, कंपनीचा नियम आहे," मी सारवासारव केली. ती खोटी नव्हती. पाणी शुद्ध करायची मशिनं विकणारी आमची कंपनी, आणि पोरींना पहिला धडा तोच होता. ग्राहकाच्या घरचं पाणी तोंडाला लावायचं नाही. वाशिमच्या ऑफिसातले साहेब म्हणायचे, "तूच ते पाणी प्यालीस, तर ते घाण आहे हे कोण मानेल?" म्हणून प्रत्येकीच्या बॅगेत स्वतःची बाटली.

कांताबाईनं तांब्या खाली ठेवला. राग नाही, काही नाही. मी घाईघाईनं बॅग उघडली.

बाटली माझी आईसुद्धा न्यायची. आम्ही रिठदचे. आई दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची, आणि मालकीण वरून ओंजळीत धार धरायची. एकदा मी सोबत होते. माझी ओंजळ लहान, अर्धं पाणी कोपरावरून ओघळलं, तर मालकीण ओरडली, "सरकून बस वो, हंड्यावर शितोडे येतीन." दुसऱ्या दिवसापासून आईनं घरून बाटली न्यायला सुरुवात केली. कोणाकडं मागायचं कामच नाही. आईनं बाटली धरली ती अपमान टाळायला. मी धरली ती करायला. मला हे तेव्हा कळत नव्हतं, असं लिहिलं तर सोपं जाईल. पण ते खोटं आहे. कळत होतं, आणि मी गप्प बसले.

ही नोकरी मिळाली त्या दिवशीचंही सांगते. बी.ए. होऊन दोन वर्षं झाली होती. साहेबांनी माझा अर्ज वाचला, आडनावावर थांबले, मग माझ्याकडं बघून हसले. म्हणाले, "बॅजवर फक्त नाव राहील. आडनाव वाचून काही घरं दार लावून घेतात. आणि तसंही तू त्यांच्यातली वाटत नाहीस."

मी "थँक्यू सर" म्हटलं.

आज हे लिहिताना हात थांबतो तो इथे. शिवी कळते माणसाला, उलटून दोन देताही येतात. पण ही शिवी मी पेढा खावा तशी खाल्ली. घरी जाऊन आरशात पाहिलं, आणि खरंच वाटत नाही की काय, म्हणून खूशही झाले.

काम कसं चालायचं, ते सरळ सांगते. आम्ही दारात जाऊन म्हणायचो, मोफत पाणी तपासणी आहे. नोंदणीसाठी आधार द्या, पॅन द्या, मोबाइल नंबर द्या. मग ग्राहकाच्या फोनवर ओटीपी यायचा. बाया विचारायच्या, हे काय आलं? आम्ही म्हणायचो, तपासणीची पावती आहे, आकडे वाचून दाखवा. त्या वाचायच्या. चष्मा शोधून, एकेक आकडा बोटानं धरून वाचायच्या. पाण्याचा आणि त्या आकड्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्यातून टॅबवर उघडायचा त्या बाईचा कर्जाचा स्कोअर. तिनं कुठे कर्ज काढलं, फेडलं की नाही, हप्ता चुकवला का, तिची सगळी कुंडली. "माझी संमती आहे" अशा चौकोनावर टिक लागायची असते. ती मी लावायची. बोट माझं, संमती तिची.

स्कोअर लाल आला, तर सामान आवरायचं. "तुमचं पाणी चांगलं आहे काकू," म्हणायचं आणि उठायचं. हिरवा आला, तर पाण्यात मशीनच्या दोन दांड्या बुडवायच्या आणि बटण दाबायचं. पाणी आधी पिवळं, मग तपकिरी, मग काळं. वर फेस. बाया तोंडाला पदर लावायच्या. त्यातली एक दांडी लोखंडाची असते, गंज तिचाच असतो, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. एकाच हातपंपाचं पाणी या घरात चांगलं, त्या घरात विष. पाण्याचा रंग स्कोअरवर ठरायचा.

इथवर सगळं कंपनीनं शिकवलेलं. जयभीम मात्र मला कोणी शिकवला नाही. शेलूबाजारला पिंजाऱ्यांच्या घरी मी सलाम म्हणायची, वाशिमजवळच्या माळ्यांच्या भाजीच्या मळ्यात रामराम. ते सगळेच विकणारे करतात. पण आपल्या वस्तीत दार उघडेना, तेव्हा एका दुपारी मी आवाज खाली आणून जयभीम घातला. दार उघडलं. चहा आला. आधार आलं, पॅन आलं, ओटीपी न मागताच वाचून झाला. साहेबांनी मीटिंगमध्ये टाळ्या वाजवायला लावल्या, वस्त्यांमध्ये हिचा रिझल्ट बघा म्हणून. बाबासाहेबांच्या नावानं मी कुलूप उघडत होते, आणि टाळ्या घेत होते.

तर कांताबाई. तिचा स्कोअर हिरवागार. बचत गट चालवते ती, गटाचं कर्ज एक दिवस कधी थकवलं नाही. असा स्कोअर आला की टॅब विचारायचा, मशीनच्या हप्त्यांसाठी हिच्या कर्जाचा अर्ज कोणत्या फायनान्सकडं पाठवायचा? चार नावं. एकाला टिक करायची असते. साहेब म्हणायचे, चारही करा, जो आधी हो म्हणेल तो आपला. मी चारही केल्या. कांताबाई समोर बसली होती, तिला वाटलं मी पाण्याबद्दल काही लिहीत आहे.

मग तिच्या तांब्यातलं पाणी काळं करून दाखवलं. तिनं पेला उजेडात धरला, पुष्कळ वेळ पाहिला.

"हेच पानी पेऊन माह्ये तीन लेकरं मोठे झाले," ती म्हणाली. "राहू दे बाई मशीन. मी चक्की घेऊन राह्यली. बँकेत कागद देले हायेत. वस्तीत पिठाची चक्की नाही ना, बायाले तिकडं गावात जा लागते."

"बरं मावशी," मी म्हटलं. मशीन विकलं गेलं नाही, म्हणून मला वाईट वाटलं. त्या चार टिक मात्र गेल्या होत्या, त्या परत घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. आपण काय केलं हे कळायला पुढे तिला वाशिमला यावं लागलं.

महिना-दीड महिन्यानं ती ऑफिसात आली. एकटी. धुतलेलं लुगडं, हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात बँकेचा कागद. मी माझ्या टेबलाशी बसले होते. ती सरळ साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"बँकेतला साहेब म्हनते, बाई, तुमी चार जागी कर्ज मांगत हिंडून राह्यल्या, तुमाले चक्कीले कर्ज भेटत नाही. सगळ्यायच्या समोर म्हनलं त्यानं. म्या कोनालेच मांगतलं नाही. माह्या नावानं कोनं मांगतलं?"

साहेबांनी तिला बसा म्हटलं नाही. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

"ओटीपी तुम्हीच दिला ना? मग संमती झाली."

"पान्याच्या पावतीचा देला होता."

"कोणाला दिला?"

ती वळली. तिची नजर माझ्यावर येऊन थांबली, आणि तिनं बोट केलं. "हे पोरगी होती."

साहेबांनी मला विचारलं, "ओळखतेस हिला?"

मी म्हटलं, "नाही सर."

दोन शब्द. इतकं सहज मी आयुष्यात काही बोलले नसेन.

कांताबाईनं माझ्यावरचं बोट खाली घेतलं. मग साहेबांना म्हणाली, "नसन मग. ते पोरगी आपल्यातली होती. जयभीम घातला होता तिनं." तिनं कागदाची घडी केली, पिशवीत घातली आणि जिना उतरायला लागली.

साहेब हसले. "बघितलंस? जयभीम म्हटलं की यांना वाटतं सगळं फुकट मिळणार. बरं आहे, तू तशी नाहीस."

हे दुसऱ्यांदा होतं. पहिल्या वेळी मी थँक्यू म्हटलं होतं. या वेळी मी टेबलाशी उठून उभी राहिले.

"सर, मी तशीच आहे. ओटीपी मीच मागितला. चारही टिक मीच लावल्या."

"बस खाली."

"जयभीमही मीच घातला."

त्यांचा आवाज चढला नाही. टॅब माझ्याकडं फिरवून म्हणाले, "लॉगिन कोणाचं आहे, वाच. बाहेर बोललीस तर अडकशील तू. कंपनी नाही." ते बरोबर होते. बॅजवर ज्या आडनावाला जागा नव्हती, ते लॉगिनमध्ये पूर्ण छापलेलं होतं. तेव्हा समजलं, आपल्याला पुढे का केलं होतं. टाळ्यांसाठी समोर, आणि फटक्यांसाठीही समोर.

मी बॅग तिथेच ठेवून जिना उतरले. कांताबाई तिच्या तालुक्याच्या गावी, मालेगावला, जाणाऱ्या जीपगाड्या लागतात तिथं उभी होती. मी धापा टाकत म्हटलं, "मावशी, मीच होते ती."

"मालूम हाय," ती म्हणाली.

"मग 'नसन' काहून म्हटलं?"

"तूच नाही म्हनली. तुह्या साहेबासमोर तुले खोटी पाडू काय? तुही इज्जत म्या झाकली." जीपवाला हाका मारत होता, तिनं त्याला हातानं थांबवलं. "आता माही कोन झाकन ते सांग."

मला रडू आलं. ती म्हणाली, "रडू नको. लिहून दे." मला तोवर वाटत होतं, ती एक थोबाडीत देईल आणि आमचं मिटेल. तसं स्वस्तात मिटलं असतं.

मी लिहून दिलं. बँकेतल्या साहेबांनी ते वाचलं. म्हणाले, "तुमची कबुली ठीक आहे, पण अशा चिठ्ठीनं चार जागी कर्ज मागितल्याची नोंद पुसली जात नाही. चारही फायनान्सकडं तक्रार करा, उत्तराची वाट बघा." आम्ही केली. दोघांनी उत्तर दिलं, संमती घेतलेली आहे. दोघांनी दिलंच नाही. चक्की अजून मालेगावच्या दुकानात आहे, आणि वस्तीतल्या बाया डोक्यावर दळण घेऊन अजून गावातच जातात.

नोकरी गेली. ते सांगण्यासारखं काही नाही.

माझ्याकडं एक वही होती. कोणत्या घरी गेले, कोण भेटलं, हे मी लिहून ठेवत असे, टाळ्या मिळाव्यात म्हणून. आता तीच वही घेऊन मी त्याच घरांना परत जाते. दारात उभी राहते आणि सांगते, तुमच्या नावानं मी काय केलं. लोक काही हार घेऊन उभे नसतात. मळ्यातला एक म्हातारा म्हणाला, "आता पुन्य कमवाले आली काय?" शेलूबाजारच्या पिंजारीणबाईनं दाराच्या फटीतून विचारलं, "अब कौनसा ओटीपी होना तेरेकू?" वस्तीतल्या एका पोरीनं तोंडावर दार लावलं. मी जयभीम घातला होता. ती बरोबर वागली. तो शब्द माझ्या तोंडात अजून उष्टा आहे, तो मला परत कमवावा लागेल आणि तोवर कोणी उलट जयभीम घातला नाही तर मी तक्रार करणार नाही.

तरी काही जणी आल्या. पोलिसांत द्यायच्या अर्जावर सह्या करायला वाशिमला वकीलताईंकडं आम्ही जमलो. कांताबाईही आली. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, ती पलीकडं जाऊन बसली. मी पाहिलं, तर म्हणाली, "माही चक्की येतवरी मी तुह्यासंग बोलनार नाही. तारखेले मात्र येईन."

वकीलताई समजावत होत्या. तू साक्षीदार हो, आरोपींत कशाला नाव घालतेस? गरीब घरची मुलगी, कंपनीनं फसवलं, दबाव टाकला, असं लिहू. तू सुटशील.

दबाव होताच. गरीबही आहे. पण चौकोनावर बोट ठेवताना साहेब माझा हात धरून बसले नव्हते.

मी त्यांना म्हटलं, दोन वाक्यं लिहा. त्यांनी शिकवलं. मी केलं. यातलं एकही खोडलं, तर मी सही करणार नाही.