घंटीच्या मागोमाग

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, तेव्हा मी साताऱ्यात नोकरीला होतो. रविवारी सकाळी मेढ्याच्या रस्त्यानं सायकलवर फिरायला गेलो की दोन म्हातारे सायकलवाले हमखास दिसत. पुढचा पलटणीतून पेन्शनीवर आलेला, झुपकेदार मिशांचा. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी तो सारखी घंटी वाजवायचा.

एकदा वाटेवरच्या शिंदीच्या दुकानात ते माझ्या शेजारी बसले. मिशीवाल्यानं मित्राच्या हातात पेला दिला, पण त्याची बोटं पेल्याभोवती नीट मिटेपर्यंत स्वतःचा हात काढला नाही. मित्र दुकानदाराशी बोलण्यात रमला, तेव्हा मी हळूच विचारलं, "मामा, रस्ता मोकळा असतो, मग घंटी कशाला?"

"त्याला आता नीट दिसत न्हाई," तो कुजबुजला. "आवाजाच्या मागं येतोय. त्यानं कवा सांगितलं न्हाई, मीबी इचारलं न्हाई. सायकल सुटली तर गडी खचंल."

"काय कुजबुजतोस रं?" मित्रानं मान वळवली.

"शिंदी आंबट हाय म्हनतोय."

मित्रानं एक घोट घेतला. शिंदी ताजी होती, चांगली गोड. त्यानं मिशीवाल्याच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"व्हय गड्या," तो म्हणाला, "लय आंबट हाय."