उतारावरचा बुअज्जा

आमच्या अझरू गावात बुअज्जाला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही, आणि त्याला टॅक्सीच्या बाहेर पाहिलेला माणूसही फारसा सापडणार नाही. त्याची ती जुनी, ऐसपैस डिझेल टॅक्सी माझ्या खिडकीखालच्या उतारावर थरथरत उभी असायची. तिच्याबरोबर माझ्या फळीवरचे चहाचे पेलेही थरथरायचे. इंजिन बंद करायची सोयच नव्हती, कारण बॅटरी चार्ज होत नव्हती. बंद पडलं की गाडी उतारावरून सोडायची आणि गिअर टाकून जागी करायची. त्यामुळे त्याचं जेवण गाडीत, डुलकी गाडीत. जुम्म्याला मशिदीत तो अगदी दारातल्या ओळीत, चपलांना खेटून उभा राहायचा. तिथून इंजिनाचा आवाज ऐकू येतो ना.

स्टँडवरच्या सगळ्या वैद्यांनी औषधं देऊन पाहिली. बॅटरी बदलली, पट्टा बदलला, फेस शहरातल्या भंगारातून बॅटरी चार्ज करणारा दुसरा अल्टरनेटर आणून बसवला. गुण नाही. गाडी पण अशी खट्याळ की डोंगरातली खिंड चढताना व्यवस्थित चार्ज व्हायची आणि स्टँडवर येऊन मंदावली की पुन्हा रुसायची. माहेरच्या वाटेवर बऱ्या होणाऱ्या सुना असतात, त्यातली.

रोग ओळखेल असा एकच माणूस गावात होता. हद्दू, गाड्यांचा इलेक्ट्रिशियन आणि बुअज्जाच्या बायकोचा, इत्तोचा, सख्खा भाऊ. पण बुअज्जाच्या लेकीच्या, रहमाच्या, लग्नात हद्दूला पाहुण्यांच्या पहिल्या थाळीवर न बसवता ढोलवाल्यांच्या थाळीवर बसवलं गेलं होतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

"त्याला बोलावण्यापेक्षा मी या गाडीत मरेन," बुअज्जा म्हणायचा.

"मरशील तर उतारावरच मर," मी खिडकीतून म्हणायचे, "म्हणजे न्यायला सोपं."

मग मिदेल्तला रहमाला मुलगा झाला. सातव्या दिवशी बारसं, आणि आजोबाने मेंढा घेऊन जायचं. झाली पंचाईत. मिदेल्त आहे खिंडीपलीकडच्या सपाट माळावर, आणि थंडी अशी की तेल गोठतं. रात्रभर गाडी बंद राहिली तर सकाळी तिला बैलांनीच ओढावं लागेल. म्हणून तर लेकीचं लग्न झाल्यापासून हा तिच्या दारात गेला नव्हता. दर वेळी 'सध्या गर्दीचे दिवस आहेत' हे ठरलेलं उत्तर.

इत्तोने गाडीच्या खिडकीत डोकं घातलं. "तुम्ही येणार, की मेंढा एकटाच पाठवू?"

"तिथं उतार नाही गं."

"असं कळवू लेकीला? बाप यायला तयार आहे, तुझ्या दारात उतार नाही?"

"मग दुसऱ्या कुणाच्या टॅक्सीने जा."

"टॅक्सीवाल्याची बायको व्याह्यांच्या दारात दुसऱ्याच्या टॅक्सीतून उतरणार? नाक कुठं ठेवू मी?"

बुअज्जा स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसला, जशी कुणी बेडीच घातलीय. जावं तर तिथं अडकणार, न जावं तर इथं तोंड दाखवायला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इत्तोने भावाला दंडाला धरून आणलं. हद्दू बुअज्जाकडे न बघता माझ्या खिडकीकडे बघत, मला मानाने हाक मारून बोलला. "लल्ला यामना, गाडीवाल्याला सांगा, बॉनेट उघड."

गाडीवाला वीतभर अंतरावर होता. असली कामगिरी मी सोडते होय? खाली उतरले आणि दोघांच्या मधे उभी राहिले.

हद्दूने बॅटरीला मीटर लावला. इंजिन चालू, पण काटा ढिम्म. "सांगा त्याला, रेस दे. अजून. कंजुषी नको."

इंजिन बोंबललं, माझ्या घरात पेला पडल्याचा आवाज आला आणि काटा टुणकन वर गेला.

"अल्टरनेटर धडधाकट आहे," हद्दू मला म्हणाला. "फार आरडाओरडा केला की आपला आपण उठतो. हळू बोललं की कुणी उठवतच नाही त्याला. आता इंजिन बंद करून नुसती चावी फिरवायला सांगा."

बुअज्जाने चावी फिरवली. तेलाचा दिवा लागला. हद्दू वाकून बघत राहिला. "विचारा त्याला, बॅटरीचा लाल दिवा कुठाय?"

मी विचारलं. बुअज्जा काचेतून समोरच्या भिंतीकडे बघू लागला. त्या भिंतीवर बघण्यासारखं काही नाही, मला माहीत आहे.

"काढला," शेवटी तो म्हणाला.

आमच्या टॅक्सीत पुढे ड्रायव्हरशेजारी दोघं कोंबलेली असतात. मधल्याचे गुडघे डॅशबोर्डला आणि डोळे दिव्यांवर. चावी फिरली की लाल दिवा लागायचा, मधला ओरडायचा, 'गाडी बिघडलीय,' आणि उतरायचा. तो उतरला की मागचे चार उतरायचे. पुन्हा सहा जण जमेपर्यंत दुपार.

"इंजिन सुरू झालं की विझतोच ना तो," बुअज्जा पुटपुटला. "उगाच लोकांना कशाला दाखवायचा? बल्ब काढून फेकून दिला."

हद्दू सरळ उभा राहिला. लग्नापासून पहिल्यांदाच तो मेव्हण्याशी थेट बोलला. "गाढवा, त्या दिव्यातून जो जरासा करंट जातो ना, तोच अल्टरनेटरला जागं करतो. दाराची घंटा उपटून टाकलीस आणि आतून कुणी येत नाही म्हणून बाहेर बसून राहिलास."

बल्ब नखाएवढा. हद्दूने आपल्याकडचा बसवला, लाल दिवा लागला, इंजिन सुरू झालं, दिवा विझला, काटा वर गेला. बुअज्जा मात्र गाडीतून उतरला नाही.

सातव्या दिवशी आम्ही निघालो. मेंढा टपावर, हद्दू पुढे, इत्तो आणि मी मागे. मला बोलावलं नव्हतं, पण निरोप्याशिवाय या दोघांचं चाललं असतं का? मिदेल्तला रहमाच्या दारात सगळे उतरले. बुअज्जा चावीवर हात ठेवून आतच.

"बंद कर," हद्दू म्हणाला.

"करतो. तुम्ही व्हा पुढे."

रहमा बाळाला घेऊन गाडीजवळ आली. "बाबा, आत या ना."

"आलोच, पोरी."

मागून काळा धूर येत होता. बाळ खोकलं. बुअज्जाने चावी फिरवली. माळावर एकदम शांतता पसरली.

आत गेल्यावर रहमाने बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं आणि ते लगेच झोपलं. आता उठता येईना. नाव ठेवलं गेलं, मेंढा कापला गेला, चहा फिरला. बुअज्जा बाळाकडे बघून हसत होता आणि कान दाराकडे. अखेर त्याने मला खुणेने जवळ बोलावलं.

"लल्ला यामना, जरा बाहेर जाऊन बघतेस का, सुरू होतेय का?"

"चावी दे," मी म्हटलं.

चावी त्याच्या मुठीत होती, बाळाच्या पाठीखाली. त्याने बाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मूठ काही उघडली नाही.