फिरवलेलं पाणी

आमच्या नव्या वॉशिंग मशीनच्या काचेच्या झाकणातून आतलं पाणी दिसतं. खालचं साबणाचं पाणी पंपाने वर चढतं आणि पुन्हा कपड्यांवर कोसळतं. दुकानात हेच दाखवून मशीन आमच्या गळ्यात मारलं. आईचं मनगट दुखतं, म्हणून आम्ही ते घेतलंही.

आणि आई काय करते? मोरीत बसून बाबांच्या शर्टाची कॉलर साबणाची वडी लावून ब्रशने घासते आणि मगच शर्ट मशीनमध्ये टाकते. शर्ट चकचकीत निघाला की बाबा खूश. "बघा, पाणी फिरवण्याची कमाल!"

कष्टांवर पाणी फिरवणं म्हणतात, ते हेच.

काल मी त्यांचा एक शर्ट न घासताच टाकला. खोटं का बोलू, फिरत्या पाण्यात पावडर छान विरघळली, कापडावर पांढरे डाग राहिले नाहीत. कॉलरवरची काळी रेघ मात्र जशीच्या तशी.

"बाबा, ही घ्या तुमची कमाल."

बाबा वरमले. "असू दे. मी असाच घालेन."

"तुम्ही घालाल हो!" आईने शर्ट ओढून घेतला आणि ब्रश उचलला. "पण लोक नावं कोणाला ठेवतील? तुम्हाला, की मशीनला?"

मळ कपड्याचा असतो, पण त्याची लाज घरातल्या बाईच्या वाट्याला येते. तिथवर कोणत्या पंपाचं पाणी पोचणार?

बाबांनी ब्रशसाठी हात पुढे केला. आईने तो दिला नाही.