आडतीच्या काट्यावर अव्वा

माझी आई जाड होती. हे मी आज मोकळेपणानं लिहिते, कारण तिच्या हयातीत हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे आणि घराबाहेर सगळे उच्चारत. आम्ही तिला अव्वा म्हणायचो. उमरग्याच्या आमच्या घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेली असे, तरी हाका मात्र कानडीतल्या. वडील अप्पा. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं आडतीचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या अंगाला आम्ही राहायचो.

ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, आमचा भाग तेव्हा संस्थानात. सरकार शेतकऱ्यांकडून लेव्हीचं धान्य उचलत होतं, लोक रेशनच्या हलक्या ज्वारीच्या भाकरी गिळत होते आणि अशात आडत्याची बायको अंगानं भरलेली. बोलायला आणखी काय पाहिजे? विहिरीवर बायका म्हणायच्या, "दुकानातलं निम्मं घरातच मुरतंय." अव्वा हसून घागर उचलायची. मला मात्र त्या बायकांचा असा राग यायचा की आज त्यातली एकही उरलेली नाही, तरी तो गेलेला नाही.

दिवाळीनंतर तिला दम लागायला लागला. घागर घेऊन उंबरा चढली की भिंतीला हात टेकून उभी राहायची. अप्पांनी तिला सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरनं छाती तपासून सांगितलं की काळीज थकलंय, त्याच्यावर एवढ्या अंगाचा भार नको. तूप, गूळ बंद, दोन्ही वेळा अर्धी भाकरी आणि रोज सकाळी चालणं. वजन किती उतरायला हवं ते त्यानं त्याच्या मापात सांगितलं. अप्पांनी वाटेतच त्याचा हिशेब आपल्या मापात लावला. अव्वाला दोन मणाच्या खाली यायचं होतं. निघताना डॉक्टर आणखी एक बोलला होता. वजन चढायला लागलं तर थांबू नका, लगेच आणा.

आमच्याकडं माणूस तोलणं बरं मानत नाहीत. नवस फेडायला देवापुढं गुळानं तोलतील तेवढंच. मालाच्या काट्यावर माणूस बसलं की त्याला नजर लागते. म्हणून बाजाराच्या आदल्या दिवशी, दुपारी हमाल जेवायला गेले की अप्पा दुकानाची फळी लावून घ्यायचे. आढ्याला टांगलेल्या मोठ्या काट्याच्या एका पारड्यात पाट आणि त्यावर वाकळ टाकायचे. अव्वाचा हात धरून तिला बसवायचं काम माझं. मी अकरा वर्षांची होते. संस्थानातली शाळा उर्दूतली, तिथं मुलींना कोण पाठवणार? मी दिवसभर तिच्या पदराशीच असायची.

पहिल्यांदा तोललं तेव्हा ती दोन मण आठ शेर भरली; मण म्हणजे चाळीस शेर. मोंढ्यात माल मोजताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. अप्पांनी सवयीनं पहिलं वजन पारड्यात ठेवताना "लाभ" म्हटलं. अव्वा पाटावरून म्हणाली, "लाभ कसला म्हणताव? तोटा म्हणा, तोटा." तिघंही हसलो. त्या दुकानात आम्ही तिघं एकत्र हसल्याची मला आठवणारी ती एकच वेळ.

मग ती वजन उतरवायच्या मागं लागली. पहाटे गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत जाऊन यायची. अर्धी भाकरी, पातळ वरण झालं की म्हणायची, "साकु." पुरे. हात धुऊन उठायची. मला तिच्यावर पहारा ठेवायला अप्पांनी सांगितलं होतं आणि मी तो डोळ्यांत तेल घालून ठेवला. भूक अनावर झाली की ती ताक मागायची. ताक म्हणजे काही खाणं नव्हे, असं मी ठरवलं आणि मीठ घालून तांब्या तांब्या दिलं. तिला मीठ जास्त लागायचं. त्या मिठाचं मला कितीतरी वर्षांनी कळलं. त्यावर मी इथं जास्त लिहिणार नाही, लिहवत नाही.

संक्रांतीपर्यंत पाच शेर उतरले. दोन मण तीन शेर. चोळ्या सैल झाल्या, ती स्वतःच टाके घालून आवळत बसायची. आणि मग काटा थांबला. पुढच्या आठवड्यात दोन मण तीन शेर. त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच. पाच आठवडे तीच वजनं चढायची आणि तीच उतरायची. ती चालायला अजून लांब जायला लागली, रात्रीची अर्धी भाकरी पाव केली, काटा हलेना. पाचव्या वेळी पारड्यातून उतरताना तिनं माझा हात झिडकारला. आत गेली, चुलीपुढं बसली आणि अख्खी भाकरी तुपात कालवून खाल्ली. खाताना रडत होती. अप्पा दारात उभे होते. त्यांना म्हणाली, "मरायचंच हाय तर उपाशी कशाला मरू? सांगा की."

अप्पांना बोलता येत नसे. त्यांना तोलता येत असे.

आता थोडं धड्याविषयी सांगायला हवं. माल तोलण्याआधी दोन्ही पारडी सारखी करून घ्यावी लागतात. मालाच्या पारड्यात टोपली असेल तर समोरच्या पारड्यात टोपलीएवढा दगड ठेवायचा. त्याला धडा म्हणतात. पाट आणि वाकळेच्या बदल्यात अप्पा समोरच्या पारड्यात विटा भरलेलं पोतं ठेवायचे, तो अव्वाचा धडा. धड्यात हात मारणारे आडते मोंढ्यात होतेच. अप्पा त्यांतले नव्हते. लांबलांबून शेतकरी गाडी घेऊन त्यांच्याकडं यायचे ते त्यांच्या धड्यावर विश्वास ठेवून.

पुढच्या आठवड्यात अव्वा वाकळ सारखी करत होती आणि मी पोत्याच्या बाजूला उभी होते. अप्पांनी गल्ल्याखालून अर्ध्या शेराचं लोखंडी वजन काढलं आणि पोत्यात विटांच्या आत सारलं. माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. अव्वा बसली. काटा स्थिरावला, वजनं अर्धा शेर कमी लागली. दोन मण अडीच शेर.

तिच्या तोंडावर जे आलं ते बघून मी अप्पांची जन्माची गुलाम झाले. संध्याकाळी ती कानडीतलं कसलंसं गाणं पुटपुटत ज्वारी निवडत बसली होती. दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा अर्धी भाकरी, पुन्हा मारुती. उतरतंय म्हटल्यावर तिला उपाशी राहण्याचं काही वाटेना.

मग ते दर आठवड्याचं झालं. धड्यात लोखंड वाढत गेलं आणि अव्वा उतरत गेली. मला एवढंच कळत होतं की अप्पा तिचं मन राखतायत. एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडत होती आणि मी ती बघूनही बघितली नाही. अर्धा शेर उतरलेला दाखवायचा तर आधीच्यापेक्षा अर्धा शेर जास्त घालून भागायला हवं. पण एका आठवड्यात त्यांनी शेरभर वाढवलं. पुढं दीड शेर. होळीच्या सुमाराला एकदम दोन शेर. म्हणजे अव्वा थांबलेली नव्हती, चढत होती.

हे अप्पांना नक्कीच कळत होतं. आयुष्य काट्यापुढं काढलेला माणूस. आणि त्यांनी त्याचा एकच अर्थ लावला, जो कुणीही लावला असता. बायको माघारी खातेय. चुलीपुढची ती तुपातली भाकरी त्यांनी बघितलेली होतीच. त्यांनी तिला कधी विचारलं नाही, टोमणा मारला नाही, कोठीला कुलूप लावलं नाही. मनातल्या मनात क्षमा करून मोकळे झाले आणि तिची लाज झाकायला पोत्यात लोखंड घालत राहिले.

आणि मला माहीत होतं की ती अर्ध्या भाकरीपलीकडं कणभरही खात नव्हती. मी दिवसभर तिच्यापाशी असायची. एकीकडं वजन चढतंय हे त्यांना ठाऊक, दुसरीकडं ती उपाशी आहे हे मला ठाऊक. एकाच घरात, एकाच चुलीपुढं जेवणारी दोन माणसं. ते मला विचारत नव्हते, मी त्यांना सांगत नव्हते. बोललो असतो तर डॉक्टरचं शेवटचं वाक्य दोघांपैकी एकाला तरी आठवलं असतं.

अव्वाला शंका आली होती. तिच्या बांगड्या मनगटात रुतायला लागल्या होत्या, पायातली जोडवी निघेनात. एकदा अप्पांना म्हणाली, "उतरतंय म्हनताव, मग बांगड्या का दाटत्यात वो?" अप्पा म्हणाले, "उन्हाळा लागलाय. अंग फुगतंय उन्हानं." तिला ते पटलं. स्वतःच्या हातापेक्षा तिचा नवऱ्याच्या काट्यावर भरवसा जास्त होता.

पाडव्यानंतर ती दोन मणाच्या खाली आली. पाटावर बसूनच तिनं हात जोडले आणि म्हणाली, "आता मला सोलापूरला न्या. डाक्टरला दावायचंय." अप्पा टाळायला लागले, दुकान आहे, नंतर जाऊ. पण आडवं झालं की तिचा श्वास कोंडायला लागला होता. शेवटी निघालो. तिनं ठेवणीतलं इरकल नेसलं. मोटारीत चढताना तिला दोघांचा आधार लागला, तरी संस्थानाच्या हद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर जकातीसाठी मोटार थांबली तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईला ती सांगत होती की मी आठ शेर उतरले.

डॉक्टरनं तिला त्याच्या उभ्या काट्यावर चढवलं. आकडा बघितला, जुना कागद काढून बघितला. म्हणाला, "बाई, तुम्ही कमी व्हायच्या ऐवजी पहिल्यापेक्षाही वाढलात. खाता काय?"

अव्वा हसली. तिला वाटलं त्याचा काटा बिघडलाय. "दोन मणाच्या खाली आले की म्या. यांनीच तोललंय." आणि तिनं अप्पांकडं बघितलं.

अप्पा खाली मान घालून म्हणाले, "डाक्टरसाहेब, तिला बोलू नका. भूक लई हाय तिला. खाती थोडं आमच्या माघारी. माणूस हाय."

ते तिला वाचवायलाच बोलले. त्यांच्या आवाजात इतकी माया होती की ती आठवली की आजही मला धरणी दुभंगावी असं वाटतं. अव्वा त्यांच्याकडं बघत राहिली. काट्याचं काय झालं, धड्याचं काय झालं, व्यापाऱ्याच्या बायकोला सगळं तिथंच उमगलं असणार. पण ती त्याबद्दल बोललीच नाही. हळू आवाजात म्हणाली, "म्या चोरून खाते म्हनताव? पोरीला विचारा. ती असती माझ्यापाशी."

तिघांनी माझ्याकडं बघितलं. आणि मी मान खाली घातली. मला वाटलं, आता पोत्यातल्या लोखंडाचं विचारतील. मला भीती त्याची होती. पण मान खाली घातलेल्या पोरीचा अर्थ त्या खोलीत एकच निघत होता आणि तो निघाला.

डॉक्टरनं वाकून तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. तो अप्पांना म्हणाला, "हे खाणं नाही हो, हे पाणी आहे, थकलेल्या काळजामुळं अंगात साचलेलं. चढायला लागलं तेव्हाच का नाही आणलं?"

त्यानं औषध दिलं आणि अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं की आता त्यांना हवं ते खाऊ द्या. त्याचा अर्थ अप्पांना कळला, मला घरी आल्यावर.

अव्वा पुढं तीन आठवडे होती. अप्पा स्वतः चुलीपुढं बसून तिच्यासाठी शेवया करायचे, गव्हाची गोड हुग्गी करायचे. ती शिवत नव्हती. अर्धी भाकरी मागायची आणि अप्पांना समोर बसवून घ्यायची. एकेक घास दाखवून खायची. झालं की दोन्ही हात उघडे करून त्यांच्यापुढं धरायची. "बगा. एवढंच खाते." अप्पा म्हणायचे, "खा की गं आनखी." मी त्यांना सगळं सांगितलं होतं, सोलापूरहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी. ती चोरून काही खात नव्हती, मी बघत होते. त्यांनी विचारलं, "आधी का न्हाय बोललीस?" मी म्हटलं, "तुमी विचारलं न्हाय." ते तिच्यापाशी जायचे, ओठ हलवायचे आणि पाणी पिऊन बाहेर यायचे. तुझ्यावर संशय घेतला, एवढं वाक्य त्यांना तीन आठवड्यांत जमलं नाही. मीही तिच्यापाशी बसून राहिले, पण मान का खाली घातली ते तिला सांगितलं नाही.

आमच्यात मयताला बसवून नेतात. अंगणात तिला सजवून बसवलं, भस्म लावलं, गळ्यात हार घातले. चौघांनी खांदा दिला आणि एकानं पाय सावरत शेजारच्याला म्हटलं, "लई जड हाय बाबा." वाईट हेतूनं नव्हे. पाण्यानं ती खरंच जड झाली होती.

पुढं चाललेले अप्पा थांबले. मागं वळले. सगळा मोंढा अंगणात उभा होता, विहिरीवरच्या बाया भिंतीला टेकून होत्या. अप्पा मोठ्यानं म्हणाले, "ती खात नव्हती. ऐका सगळे. अर्ध्या भाकरीवर होती ती. चोरून घास घेतला न्हाय तिनं."

मग ते तिच्याकडं बघून तेच पुन्हा म्हणाले.